सरकार आलं तरी झोप येईना : फोंड्यातली एक केस

मी गोव्यातल्या फोंड्यात जनरल प्रॅक्टिस करतो, वीसेक वर्षं झाली. ताप, शुगर, बीपी, गुडघे, पावसात पायाला चिखल्या, एवढंच आमचं जग. निवडणुकीच्या निकालाने आजारी पडलेला पेशंट, असला प्रकार कुठल्या पुस्तकात वाचला नव्हता. २०२४ च्या जूनमध्ये तो आला आणि त्यात मी सुरुवातीलाच दोन चुका केल्या, म्हणून हे सविस्तर लिहितोय. पेशंटला विचारून लिहितोय, वय, धंदा, घर थोडं इकडेतिकडे केलंय. त्यांना आपण भाई म्हणू, फोंड्यात तशीही निम्मी माणसं भाईच असतात. आणि मी स्वतः कोणाला मत दिलं ते विचारू नका, माझ्या बाकावर दोन्हीकडचे पेशंट शेजारीशेजारी बसतात.

भाई ६१ वर्षांचे. बाजारात हार्डवेअरचं दुकान, पीव्हीसी पाईप, नळ, रंगाचे डबे, पावसाळ्यात ताडपत्री. बीपी आठ वर्षांपासून, रोज अॅम्लोडिपिन ५ ची एक गोळी, त्यावर कंट्रोल एकदम छान. भाजपचे जुने कार्यकर्ते पण पद वगैरे काही नाही, कधी मागितलंही नाही. २०२४ ला ते पन्ना प्रमुख होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मतदार यादीच्या एका पानावर तीसेक नावं असतात, ते एक पान एका कार्यकर्त्याकडे दिलेलं असतं, त्या तीस जणांना भेटायचं, स्लिपा पोचवायच्या, मतदानाच्या दिवशी कोण आलं कोण राहिलं बघायचं आणि राहिलेल्याला गाडी पाठवायची. भाईंनी ७ मेच्या त्या मंगळवारी सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत उन्हात हे सगळं केलं, स्वतःच्या पैशाने लिंबू सोडा पाजला लोकांना.

दुसरं पात्र म्हणजे मास्तर. रिटायर्ड प्राथमिक शिक्षक, मराठी शाळेचे, घर म्हार्दोळला, घराणं जुनं मगोवालं, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचं, पण हल्ली काही वर्षं सरकारवर नाराज आणि ह्या वेळी उघडपणे हाताच्या बाजूने. भाई आणि मास्तर चाळीस वर्षांचे दोस्त, एकाच भजनी मंडळात, भाई पखवाज आणि मास्तर गायला. रोज संध्याकाळी दुकानात दोघांचा चहा आणि भांडण. इथली गंमत बघा, फोंडा दक्षिण गोव्यात येतो आणि म्हार्दोळ प्रियोळ मतदारसंघात म्हणून उत्तर गोव्यात, गाडीने दहा-पंधरा मिनिटांचं अंतर पण खासदार वेगळे. म्हणजे दोघंही तावातावाने भांडायचे ते एकमेकांच्या उमेदवाराला मत देता येत नसताना.

११ जूनला दुपारी, मी शटर ओढायच्या बेतात असताना वहिनी भाईंना घेऊन आल्या. छातीत धडधड, आठवडाभर झोप नाही, जेवण जात नाही, आंबट ढेकर. बीपी १६०/१००. ईसीजी काढला, तो नॉर्मल, फक्त नाडी ९६. टेन्शन कसलं आहे विचारलं तर भाई म्हणाले काही नाही हो, आणि त्यांच्या पाठीमागून वहिनींनी ओठ हलवून सांगितलं, "निकाल".

इथे माझी पहिली चूक. मी हसलो, आणि म्हटलं, "अहो भाई, सरकार तर तुमचंच आलं की! परवा शपथविधीसुद्धा झाला!"

भाई काही बोलले नाहीत. शर्टाचं बटण लावायला लागले. मला तेव्हाच कळायला हवं होतं की आठवडाभर ज्या ज्या माणसाने तोंड उघडलं असेल त्याने हेच वाक्य म्हटलं असणार, मी बहुधा विसावा असेन. पण दुपारचा एक वाजलेला, मलाही भूक लागलेली, मी अॅसिडिटीचं औषध आणि झोपेच्या पाच गोळ्या लिहून दिल्या आणि जा म्हटलं. ही दुसरी चूक. बीपीची गोळी चालू आहे ना एवढं विचारलं, ते हो म्हणाले, मी पुढे गेलो.

आता ते "तुमचंच सरकार आलं" वाक्य चुकीचं का होतं ते समजायला निकाल नीट आठवायला लागतो. १ जूनच्या शनिवारी संध्याकाळी एक्झिट पोल आले, काहींनी तर एनडीएला थेट ४०० च्या आसपास नेऊन ठेवलं होतं, घोषणा तर आधीपासून चारसो पारचीच होती. सोमवारी ३ जूनला सेन्सेक्स अडीच हजार पॉइंट चढला. आणि मंगळवारी ४ जूनला प्रत्यक्षात भाजप २४०, एनडीए २९३. बहुमताला २७२ लागतात, म्हणजे सरकार आलं, पण २०१९ ला एकट्या पक्षाच्या ३०३ होत्या. त्याच दिवशी सेन्सेक्स जवळजवळ ४,४०० पॉइंट कोसळला. गोव्यात उत्तरेत भाजपचे श्रीपाद नाईक १,१६,०१५ मतांनी जिंकले, सलग सहाव्यांदा. आणि दक्षिणेत, म्हणजे भाईंच्या स्वतःच्या मतदारसंघात, पल्लवी धेंपे हरल्या आणि काँग्रेसचे कॅप्टन विरियातो फर्नांडिस निवडून आले, फरक १३,५३५.

भजनी स्पर्धेत दुसरा नंबर आलेलं मंडळ तुम्ही बघितलंय का कधी? तिसरा आलेला ग्रुप फोटो काढत असतो, आणि दुसरा आलेला परीक्षकांच्या नावाने बोटं मोडत टेंपोत हार्मोनियम भरत असतो. भाई स्वतः पखवाजवाले, त्यांना मी हेच उदाहरण नंतर दिलं तर म्हणाले, "दुसरा नंबर काय डॉक्टर, आम्ही पहिल्याचं बक्षीस घरी नेऊन शोकेसमध्ये ठेवलं होतं आणि मग ते परत न्यायला लोक आले."

१९ जूनला वहिनी एकट्याच आल्या. गोळ्या संपल्या होत्या आणि भाईंनी आणखी आणायला पाठवलं होतं. मी नाही म्हटलं आणि त्यांना बसवून घेतलं, त्या दिवशी पाऊस धो धो होता, बाहेर कोणी नव्हतं, म्हणून पहिल्यांदा सगळी हकीकत नीट ऐकली. ती जमेल तशी देतो.

४ जूनला भाई पहाटे आंघोळ करून, देवपूजा करून आठच्या आधी टीव्हीसमोर बसले. पेढ्यांची पाच किलोची ऑर्डर आदल्या दिवशीच दिलेली, बॉक्स घरी आलेलेही. दहापर्यंत गप्प, अकरापर्यंत "अजून पोस्टल आहेत", बारापर्यंत "अजून राउंड बाकी आहेत", आणि दुपारी मडगावची मोजणी शेवटाकडे आल्यावर उठून दुकानात गेले ते तसेच, जेवलेच नाहीत. वहिनींनी सुक्या बांगड्यांची किसमूर केली होती, १ जूनपासून मासेमारीची बंदी असते त्यामुळे ताजी मासळी नव्हतीच, ती किसमूर मांजराने खाल्ली. पेढे फ्रीजमध्ये गेले, खालच्या खणात, भाजीच्या वर. त्यांना हात लावायचा नाही अशी भाईंची ताकीद. कोणाला द्यायचेही नाहीत आणि टाकायचेही नाहीत.

जावयाच्या सांगण्यावरून ३ तारखेला भाईंनी थोडे शेअर्सही घेतले होते, मला वाटलं चला, हे आहे खरं कारण. पण वहिनी म्हणाल्या ते पैसे तर त्याच शुक्रवारी वर आले. बरोबर आहे, ७ जूनला सेन्सेक्स सोमवारच्याही वर बंद झाला होता. पैसे तीन दिवसात परत आले आणि झोप पंधरा दिवसात आली नाही, म्हणजे पैशाचं दुखणं नव्हतं.

मग वहिनींनी पर्समधून गोळ्यांची पाकिटं काढली. बीपीच्या गोळ्यांची स्ट्रिप, दहातल्या नऊ शिल्लक. ४ तारखेपासून भाईंनी गोळी घेतलीच नव्हती! मला खोटं सांगितलं असंही नाही, त्यांना खरंच वाटत होतं की घेतोय, रोज टीव्हीवर सकाळच्या बातम्या लावून चहाबरोबर गोळी घ्यायची सवय होती, बातम्या बंद झाल्या तशी गोळीही गेली. १६०/१०० चा निम्मा उलगडा तिथेच झाला. डॉक्टर लोकांनो, स्ट्रिप बघायला मागा, "घेतो" वर विश्वास ठेवू नका, मी वीस वर्षं सगळ्यांना हेच सांगत आलोय आणि स्वतःच विसरलो.

पण मला खरं खटकलं ते वहिनींनी जाता जाता सांगितलं ते. भाईंनी पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, बंद केलं होतं.

आमच्याकडे सकाळी पोदेर सायकलवरून येतो, पॉं पॉं हॉर्न वाजवत, निळ्या प्लास्टिकखाली उंडे आणि पोळी असे पाव. भाईंकडे हा एकच पोदेर दहा-बारा वर्षं येतोय. ६ जूनला सकाळी भाई गेटवर गेले आणि त्याला म्हणाले उद्यापासून येऊ नको. कारण काय, तर दक्षिणेत आम्हाला कोणी पाडलं ते मला माहीत आहे. तो बिचारा काही कळेना म्हणून निघून गेला. वहिनी तेव्हापासून मागच्या गडग्याकडे उभं राहून गुपचूप चार उंडे घेत होत्या, आणि भाई तेच उंडे भाजीबरोबर खात होते, विचारत नव्हते कुठून आले.

आणखी एक. निकालानंतर बूथवार आकडे मिळतात, फॉर्म २० म्हणतात त्याला, कुठल्या बूथवर कोणाला किती मतं. भाईंनी कोणाकडून तरी ते मिळवले. त्यांच्या बूथवर पक्षाला लीड होतं, पण २०१९ पेक्षा ३१ ने कमी. झालं. आता ते ३१ जण कोण हा शोध सुरू झाला. दुकानात कोणी पाव इंचाचा एल्बो मागायला आला तरी भाई त्याच्याकडे बघून मनात मोजत होते, हा असेल का? एका म्हाताऱ्या बाईची उधारी अचानक बंद. मास्तर संध्याकाळचे यायचे बंद, कारण ५ तारखेला मास्तर "काय भाई, चारसो पार?" एवढं बोलले आणि भाईंनी त्यांच्यासाठी चहा सांगितलाच नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

पराभवाचं दुःख माणसाला असतं, ते जातं. पण यादी हातात घेऊन गल्लीत गद्दार शोधायला लागलेला माणूस मला बीपीपेक्षा जास्त घाबरवतो, कारण त्याला निकाल रोज नव्याने लागत असतो. दार उघडलं की एक संशयित समोर. झोप येणार कुठून?

मी वहिनींना धीर द्यायला म्हणून एक वाचलेली गोष्ट सांगितली. अमेरिकेत टेक्सास राज्यात १९९४ ला गव्हर्नरची निवडणूक झाली, त्यात डॅनियल गिल्बर्ट वगैरे मानसशास्त्रज्ञांनी मतदारांना आधीच विचारून ठेवलं होतं की तुमचा उमेदवार पडला तर महिन्याने तुम्हाला कसं वाटत असेल. पडलेल्या बाजूचे म्हणाले होते फार वाईट. महिन्याने प्रत्यक्ष विचारलं तर ते अंदाजापेक्षा खूपच ठीक होते, मन आपलं आपण सावरतं आणि हे सावरणं माणूस हिशेबात धरत नाही. वहिनींनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "१९९४ ला त्यांच्याकडे व्हॉट्सअॅप होतं का डॉक्टर?"

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. भाईंच्या फोनवर सात ग्रुप. रात्री दोन वाजता जाग आली की हात फोनकडे, कोणीतरी नवा आकडा, नवा आरोप, दक्षिण गोव्यातल्या साष्टी तालुक्याने काय केलं, आपल्याच लोकांनी काय केलं. खपली धरायला वेळच नाही.

वहिनींना मी तीन गोष्टी सांगितल्या. बीपीची गोळी तुम्ही स्वतः हातात द्या. फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला. आणि भाईंना २१ ला घेऊन या, येताना ते यादीचं पान आणा म्हणावं. शिवाय टेलीमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लिहून दिला, रात्री काही वेडंवाकडं बोलले तर लगेच लावायचा. टीव्हीचं मी काहीच बोललो नव्हतो, पण वहिनींनी स्वतःच्या डोक्याने रिचार्ज केला नाही. भाईंनी विचारलं तर म्हणाल्या पावसाने सिग्नल नाही.

२१ ला शुक्रवारी भाई आले. त्या दिवशी मी शेवटची वेळ दिली होती, म्हणजे घाई नको. पहिल्यांदा सॉरी म्हटलं, त्या दिवशी मी हसलो त्याबद्दल. मग नैराश्य मोजायची नऊ प्रश्नांची ती पीएचक्यू प्रश्नावली घेतली, २७ पैकी १२ आले, म्हणजे मध्यम. नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याचा असतो, तो मी सरळ विचारला, फिरवून नाही. भाई म्हणाले, "छे हो. मरायचं कशाला. पण सकाळी उठून दुकान कशाला उघडायचं ते कळत नाही." हे उत्तर वेगळं असतं तर मी गाडी थेट बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात न्यायला सांगितली असती, ह्या बाबतीत वाट बघण्यात अर्थ नसतो.

मग पान उघडलं. घडी घालून घालून चार ठिकाणी फाटलेलं, पेनाने टिका केलेल्या, बाजूला फोन नंबर. मी म्हटलं, भाई, ३१ जण शोधताय ना, चला ह्या पानापासून सुरू करू, ह्यातला कोण आला नाही सांगा.

एक नंबर, आजोबा, मार्चमध्ये वारले, नाव अजून यादीत. सात नंबर, तसंच, वारल्या. बारा नंबर तारवटी, बोटीवर, ऑगस्टमध्ये येणार. पंधरा आणि सोळा, भाऊबहीण, बेंगळुरूला नोकरीला, तिकीट महाग म्हणून आले नाहीत. एकवीस, मुलगी लग्न होऊन सावंतवाडीला गेली, नाव अजून माहेरी. सव्वीस, अंथरुणावर, भाईंनी गाडी पाठवली होती पण उठवता आलं नाही. तीसातले सात आलेच नव्हते, आणि हे सात भाईंना चांगले माहीत होते, त्यांच्याच हाताने तिथे फुली मारलेली होती.

"तुमच्या बूथवर अशी पानं किती?"

"तीस-बत्तीस."

"मग ३१ म्हणजे पानाला एक माणूस झाला की."

भाई पानाकडे बघत राहिले. आता खरं सांगायचं तर हे गणित काही काटेकोर नाही, २०१९ लाही माणसं मेलेली होती आणि बोटीवर होती, शिवाय कोणी खरोखरच मत बदललं असेल तर तो त्याचा हक्क आहे आणि ते आपल्याला कधीच कळणार नाही, मतदान गुप्त असतं ते ह्याचसाठी. हेही मी बोललो. पण ते त्यांनी ऐकलं असं वाटत नाही, ते अजून सव्वीस नंबरवर होते. म्हणाले, त्याला खुर्चीत बसवून नेता आलं असतं हो. तेव्हा माझ्या लक्षात आलं की गल्लीत गद्दार शोधणाऱ्या माणसाला आतून स्वतःचाच संशय आहे. आपण कमी पडलो का? दिल्लीपर्यंतचा निकाल ह्या माणसाने एका पानावर उतरवून घेतला होता.

वहिनी एवढा वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "आणि पोदेराचं काय?"

भाई म्हणाले, त्याचं काय.

"७ मेला पाव आला होता का घरी?"

भाईंना आठवेना.

"आला नव्हता. तो आदल्या दिवशीच सांगून गेला होता, बाय उद्या येणार नाही, गावाला मत घालायला जातोय. त्याचं गाव खानापूरकडे. त्याचं मत गोव्यात नाहीच!"

मला हसू आवरेना, पण ह्या वेळी मी थांबलो, आधी भाई हसतात का बघितलं. खानापूर कर्नाटकातल्या उत्तर कन्नड लोकसभा मतदारसंघात येतं, तिथेही ७ मेलाच मतदान होतं, आणि तिथे भाईंचाच पक्ष तीन लाखांहून जास्त मतांनी निवडून आला होता. पोदेराने कोणाला दिलं ते पोदेराला ठाऊक. पण दक्षिण गोव्याच्या १३,५३५ मध्ये त्याचा उंडासुद्धा नव्हता.

भाई हसले नाहीत. कान मात्र लाल झाले. थोड्या वेळाने म्हणाले, "म्हणजे हे मागून घेत होती ती." वहिनी म्हणाल्या, "आणि तुम्ही खात होता."

दुसऱ्या दिवशी, हे मला वहिनींनी फोनवर सांगितलं, भाई पहाटे साडेसहाला छत्री घेऊन पुढच्या गेटवर उभे होते. हॉर्न गडग्यामागून वाजला, सवयीने. भाईंनी तिथूनच हाक मारली, पुढून ये रे. माफी वगैरे मागितली नाही, आमच्याकडचे पुरुष मागतात कुठे, फक्त चारच्या जागी आठ उंडे घेतले. दोन माणसांच्या घरात आठ उंडे, वहिनी वैतागल्या.

मास्तरांचं जरा लांबलं. मास्तर मला एकदा शुगर दाखवायला आले तेव्हा कळलं की त्यांचीही झोप उडालेली. त्यांना दिल्लीत बदल हवा होता, तो झाला नाही, आणि त्यांच्या उत्तरेत काँग्रेसचे रमाकांत खलप लाखावर मतांनी पडले, ज्यांना १९९६ ला ह्याच उत्तर गोव्याने मगोच्या सिंहावर लोकसभेत पाठवलं होतं. दक्षिण जिंकली त्याचा आनंद करावा तर दक्षिणेत त्यांचं मतच नाही. म्हणजे एकाच तारखेला, एकाच टेबलावरचे दोघे दोस्त हरले होते आणि दोघांनाही वाटत होतं समोरचा मजेत आहे. मी मास्तरांना एवढंच म्हटलं की भाई आजारी आहेत, बघून या. जास्त काही बोललो नाही, दोघंही माझ्यापेक्षा मोठे.

ते गेले. काय बोलणं झालं ते भाईंनीच नंतर सांगितलं. मास्तरांनी राजकारण काढलंच नाही, वडिलांची गोष्ट काढली. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल, गोवा महाराष्ट्रात जायचा की वेगळा राहायचा, विलीनीकरणाला फूल आणि वेगळं राहायला दोन पानं. मास्तर तेव्हा बारा वर्षांचे. घरात सगळे फुलवाले. निकाल लागला, फुलाला १,३८,१७० आणि दोन पानांना १,७२,१९१, ३४,०२१ मतांनी विलीनीकरण गेलं. वडील दोन दिवस जेवले नाहीत, दाराशी आलेल्याशी बोलेनात, शेजारच्या घरातले लोक दोन पानवाले असणार म्हणून त्यांच्या विहिरीचं पाणी बंद. आणि मग मार्चच्या शेवटी विधानसभेची निवडणूक आली, त्यात भाऊसाहेब बांदोडकरांचा मगो ३० पैकी १६ जागा घेऊन परत सत्तेवर! कौल निष्पक्ष व्हावा म्हणून ज्या भाऊंचं मंत्रिमंडळ डिसेंबरात पायउतार झालं होतं त्यांनाच लोकांनी कौलानंतर अडीच महिन्यात परत बसवलं. म्हणजे जानेवारीत दोन पानांवर शिक्का मारलेल्यांपैकीही काहींनी मार्चमध्ये सिंहावर मारला असणार. "बाबा तेव्हा म्हणाले," मास्तरांनी सांगितलं, "आता विहिरीवर कुठल्या तोंडाने जाऊ? आई घागर घेऊन आधीच गेली होती."

भाईंचे वडीलही फुलवालेच होते, भाई चार वर्षांचे, त्यांना काही आठवत नाही. पण त्या संध्याकाळी त्यांनी मास्तरांसाठी चहा सांगितला.

पेढ्यांचं विचाराल तर ते वहिनींनी वटपौर्णिमेच्या सुमारास फ्रीज साफ करताना टाकले, बुरशी आली होती. भाईंना सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही.

जुलैत बीपी १४०/८८, ऑगस्टमध्ये १३४/८४, त्याच एका गोळीवर. पीएचक्यू परत घेतला, ४. सातातले पाच ग्रुप सोडले, दोन सोडता येत नाहीत म्हणाले, एक भजनी मंडळाचा आहे आणि एक पक्षाचा. मला त्यात काही वावगं वाटत नाही, पक्ष सोडा असं मी कधीच म्हणणार नव्हतो, चाळीस वर्षांचं काम आहे ते. झोपेच्या गोळ्या त्या पाचच, परत दिल्या नाहीत. सव्वीस नंबरच्या घरी मात्र भाई आता दर रविवारी जाऊन बसतात, निवडणूक नसतानाही, आणि सात नंबरचं नाव यादीतून काढायचा फॉर्म त्यांनी स्वतः भरून दिला. चवथीला मास्तरांच्या घरी आरतीला घुमट वाजवायला गेले होते, माटोळीखाली बसलेला फोटो मला दाखवला.

केस इथे बंद करणार होतो, पण ऑक्टोबर राहिला. हरियाणाची विधानसभा. ५ तारखेला एक्झिट पोल आले, बहुतेकांनी काँग्रेस येणार म्हणून सांगितलं, मास्तर तीन दिवस हवेत. ८ तारखेला निकाल लागला आणि भाजप ९० पैकी ४८, काँग्रेस ३७. त्या संध्याकाळी क्लिनिकचं दार उघडून दोघे आत आले, भाई पुढे, मास्तर मागे.

"ह्यांचा जरा बीपी बघा डॉक्टर," भाई म्हणाले, "दुपारपासून जेवले नाहीत."

१५०/९०. मी पट्टा सोडत होतो तोवर भाईंनी पिशवीतून छोटा बॉक्स काढून टेबलावर ठेवला, पाव किलोचा. मी भाईंकडे बघितलं.

"निकाल लागल्यावर आणले," ते म्हणाले. "मास्तरांना नकोत, शुगर आहे."

मास्तरांनी हात पुढे करून एक उचलला.